एकोणिसावा चिमटा

ज्या माणसाच्या हातून अठ्ठावीस वर्षांत एक वस्तू वाकडी गेली नाही, त्यानं भरल्या सभेत उभं राहून सांगितलं, की ही वस्तू मी खोटी केलीय. मी दाराशी कॉफीची किटली घेऊन उभी होते. किटली हातातून सुटली नाही एवढंच. पण खरा धक्का तो नव्हताच. खरा आला तो त्याच्या पाठोपाठ. किटली खिडकीत ठेवली आणि लाकडाच्या पेटीवर बसले.

आधी माणूस कोण ते सांगते.

लुडोल्फ क्नोके आमच्या काल्टेनरोडेचा. जर्मनीतल्या हार्त्स डोंगराच्या दक्षिण अंगाला, जिथं कुदळ मारली की पांढरं जिप्सम लागतं, तिथला. बाप भट्टीवर जिप्सम भाजून प्लास्टर करायचा. लुडोल्फ छताच्या कामात पडला. चर्चची छतं, श्रीमंतांचे दिवाणखाने, त्यांवरची फुलं, कंगोरे, द्राक्षांचे घोस, देवदूत. त्याचे देवदूत जरा अंगानं भरलेले असायचे, कारण बायको डोर्टे तशी होती आणि त्याला दुसरा नमुना ठाऊक नव्हता. डोर्टे युद्धाच्या शेवटच्या वर्षी तापात गेली. पोरबाळ नाही. तिच्यामागं त्याला राहिली ती विद्यापीठाच्या तळघरातली कामाची खोली.

विद्यापीठात तो आला तोही छतासाठीच. गणिताच्या इमारतीत वरच्या व्याख्यानाच्या दालनाचं छत कोसळलं होतं. तो फळीवर चढून कंगोरा ओढत होता. म्हणजे असं, की पत्र्याचा फर्मा कापायचा, ओल्या प्लास्टरवरून सरळ ओढत न्यायचा, आणि मागं जसाच्या तसा आकार उमटत जातो. तेव्हाचे म्हातारे प्रोफेसर खाली उभे राहून तासभर बघत राहिले. मग वर तोंड करून म्हणाले, "मिस्तरी, मी तुम्हाला दुसऱ्या आकाराचा फर्मा दिला तर तो ओढाल का?" लुडोल्फ म्हणाला, "ज्या आकाराचा पत्रा कापता येतो, त्यो समदा ओढता येतो, साहेब." त्या एका वाक्यावर त्याची नोकरी लागली आणि त्याचा जन्म गेला.

त्याचं काम मी रोज बघायची. त्याच्याच शब्दावर मी इथं लागले. शेगड्या पेटवायच्या, फरशी पुसायची, कॉफी द्यायची, फळे पुसायचे. फळ्याच्या कोपऱ्यात 'पुसू नये' लिहिलं असलं तर पुसायचं नाही. एक फळा मी तीन वर्षं पुसला नाही. ज्यानं लिहिलं तो लग्न करून गावाला निघून गेला होता.

तर काम असं. वरून कागद यायचा, त्यावर आकड्यांच्या रांगा. एक रांग म्हणजे त्या आकाराचा एक काप, पावाचा काप असतो तसा. मिस्तरी त्या रांगेबरहुकूम जस्ताचा पत्रा कापायचा. असे तीस-चाळीस पत्रे बोटबोटभर अंतरावर उभे करायचे, मध्ये प्लास्टर ओतायचं, सुकत आलं की पोलादी पातीनं खरवडायचं. पत्र्याची कड चमकली की हात थांबवायचा. त्याच्या पलीकडं केसभर जायचं नाही, अलीकडं केसभर ठेवायचं नाही. वरून लाखेचं रोगण. रोगणाखालून जस्ताच्या रेघा बारीक चमकत राहतात, म्हाताऱ्या हातावरच्या शिरांसारख्या.

सभेतली ती वस्तू सोडून असे दोनशे तेरा आकार त्यानं केले. घोड्याच्या खोगिरासारखे, नरसाळ्यासारखे, आपल्याच पोटात शिरून पाठीतून बाहेर येणारे. वरच्या बोळात काचेच्या कपाटांत सगळे मांडलेले. प्रत्येकाखाली पितळी पट्टी. पट्टीवर आकाराचं नाव, ज्या प्रोफेसरानं शोधला त्याचं नाव, साल. क्नोकेचं नाव एकाही पट्टीवर नाही. तो कधी बोलला नाही. पण पट्ट्यांना पितळपॉलिश मी करायची, आणि तो मागं उभा राहून वाचायचा. ते मला कळायचं.

आता भांडणाचं सांगते.

आमच्या गावात भांडण होतं ते बांधावरून, डुकरावरून, फार तर पोरीवरून. ह्या इमारतीतलं भांडण कशावरून? तर त्रिकोण आहे का नाही! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, माझ्या कानात मळ झालाय. प्रोफेसर ओल्डेकोप, आमचे मोठे साहेब, पोट मोठं, मन मोठं, म्हणायचे, "संख्या आहेत, आकार आहेत, माणूस जन्मण्याआधीपासून आहेत. आपण फक्त त्यांच्यापर्यंत पोचतो." आणि गेल्या पानगळीत हॉलंडातल्या ग्रोनिंगनहून आलेले डॉक्टर हुकेमा, काठीसारखे वाळलेले, मांस खात नसत, ते म्हणायचे, "माणसानं मनात पायरी पायरीनं घडवलं तेवढंच आहे. न घडवलेलं आहे म्हणणं म्हणजे थाप."

थट्टेनं सुरू झालं आणि बघता बघता कडू झालं. जेवणघरात एकत्र बसणारी माणसं दोन टेबलांवर बसायला लागली. एकाच्या शिष्याला दुसऱ्यानं परीक्षेत अडवलं. शिकलेली माणसं, कॉलर कडक, आणि बोळात समोरासमोर आली की भिंतीकडं बघून जायची.

त्यात ओल्डेकोपसाहेबांनी एक आकार शोधून काढला. एकच सलग, चारी बाजूंनी बंद, आणि एकोणीस ठिकाणी चिमटीत धरल्यासारखा निमुळता होऊन टोकाला टोक भिडणारा. शोधला म्हणजे दाखवला नाही. 'असा आकार नाही' म्हटलं तर गणितात घोटाळा होतो, म्हणून तो आहे, एवढंच त्यांनी सिद्ध केलं.

हुकेमांनी जेवणघरात सगळ्यांसमोर काय म्हणावं? "वा! गोठ्यात गाय नाही म्हटलं तर घोटाळा होतो, म्हणून गाय आहे. फक्त दूध काढायला कुणी जाऊ नका!"

सगळं जेवणघर हसलं. ओल्डेकोपसाहेबांची मान लाल झाली. तसेच ते तळघरात उतरले. मी तिथंच राख भरत होते.

"क्नोके, गाय आणून बांधायची आहे."

"आं?" मिस्तरी म्हणाला.

"एकोणीस चिमट्यांचा आकार. मार्च महिन्यात सभा आहे, सगळीकडून माणसं येणार. मला तो टेबलावर हवाय. आकडे मी स्वतः देतो." मग दारात वळून म्हणाले, "आणि ह्या खेपेला पट्टीवर तुमचंही नाव घालू. घडवणार लुडोल्फ क्नोके. कसं?"

साहेब गेल्यावर त्यानं हातातली पाती उगीच पुसली. एकदा पुसली, पुन्हा पुसली.

"अवो, बोला की कायतरी," मी म्हटलं. "नाव येतंय तुमचं."

"व्हय," तो म्हणाला. "डोर्टे असती तर म्हनली असती, नावाआधी आंगोळ कर."

सगळा हिवाळा तो त्या आकाराला भिडला. दुसरं काम नाही. एक चिमटा बसला की मला हाक मारायचा, "मिने, बघ गं, सातवा!" मी म्हणायची, "छान हाय, पन ह्याला गळ्यात बांधायचं का कमरेला?" तो म्हणायचा, "तुला त्यातलं काय कळतंय. फरशी पूस." असं अठराव्यापर्यंत चाललं. एकोणिसाव्यापाशी त्याची हाक बंद झाली.

आठवडाभर वाट बघून मीच खाली गेले. राईचा पाव आणि घरचं सॉसेज घेऊन. तो स्टुलावर बसला होता आणि त्या आकाराकडं असा बघत होता, जसं कुणी आपल्या घरात शिरलेल्या परक्या माणसाकडं बघतो.

"जुळंना," तो म्हणाला.

मी जवळ जाऊन बघितलं. अठरा टोकं एकमेकांना भिडलेली. एकोणिसावं उघडं. मध्ये गव्हाच्या काडीएवढी फट.

"पत्रा चुकून कापला असंल."

"दोनदा नवा कापला. तीच फट."

"मग आकडा चुकला असंल."

"इचारलं. साहेब म्हनले, आकडे बरोबर हायती, तुमी पुढं व्हा."

पावाचा तुकडा त्यानं हातात धरला, खाल्ला नाही. मला त्याची अडचण कळत होती. आकडेमोडीत थोडी चूक सगळेच करतात, आणि मिस्तरी तेवढी सावरून घेतो. ह्याला ते 'हात देणं' म्हणतात. पण हात द्यायचा तो पत्र्याच्या कडेच्या आत. इथं फट बुजवायची तर पत्र्याच्या पलीकडं प्लास्टर चढवावं लागणार. म्हणजे जे आकड्यात नाही ते हातानं करायचं. आणि नाही बुजवली, तर साहेबांची गाय गोठ्याबाहेर, आणि नावाची पट्टीही गेली.

"किती लागंल प्लास्टर?" मी विचारलं.

"चिमूटभर."

दुसऱ्या दिवशी गेले तर फट नव्हती. रोगणही चढलं होतं. पण त्या दिवसापासून तो माणूस वाळायला लागला. पट्टी आली, तीन स्क्रूंनी बसली. 'ओल्डेकोपचा पृष्ठभाग, एकोणीस चिमटे. घडवणार लुडोल्फ क्नोके.' मी पॉलिश केली. तो वाचायला मागं उभा राहिला नाही.

सभेला बर्लिनपासून माणसं आली. वरचं दालन खच्चून भरलं, खिडक्यांच्या कट्ट्यांवर विद्यार्थी. मधल्या टेबलावर हिरव्या बनातीवर तो आकार. मिस्तरीला साहेबांनी पहिल्या रांगेत बसवलेलं, लग्नातला काळा कोट घालून. कोटाच्या खिशातून स्क्रू फिरवायचा पेचकस वर आलेला. सवयीनं उचलून ठेवला असेल असं मला वाटलं.

ओल्डेकोपसाहेब तासभर बोलले. मग आकारावर हात ठेवून म्हणाले, "डॉक्टर हुकेमा, गाय. या, दूध काढा."

हशा झाला. हुकेमा उठले, वाकले, आपल्या लांब बोटांनी एकेक टोक चाचपलं. एकोणिसाव्यावर बोट जरा थांबलं.

"काम सुंदर आहे," ते म्हणाले. "मी..."

"खोटं हाय."

मिस्तरी उभा होता. तो उठताना मला दिसलाच नाही.

"काय म्हणालात?" ओल्डेकोपसाहेब.

"एकोनिसावा जुळत न्हाई. पत्र्यात फट हाय. म्या प्लास्टरनं बुजवली. डॉक्टरसाहेब हिला बोट लावून आता 'हाय' म्हननार असं दिसलं, तवा माझ्यानं ऱ्हावंना. ही वस्तू म्या खोटी केली."

शेगडीत लाकूड फुटलं. मी साहेबांकडं बघत होते. वाटलं, आता साहेब भडकणार, मिस्तरीला हाकलणार, किंवा भरल्या सभेत हरलो म्हणून खाली बसणार. एका माणसानं आपली पट्टी, आपली नोकरी आणि साहेबांची इज्जत एका वाक्यात उकिरड्यावर टाकली होती.

साहेब हसले. चांगले पोट धरून हसले.

"अहो क्नोके, एवढंच ना! मी घाबरलो, वाटलं पाया खचला की काय. शेवटची रांग आम्ही अंदाजानंच भरली होती. हिशेब मार्चच्या आत होईना. फट आकड्यांतली आहे. आकाराला त्यानं काय होतंय? तो आहे तिथं आहेच."

मिस्तरीचं तोंड उघडं राहिलं. "अंदाजानं? म्या इचारलं तवा तुमी म्हनला..."

"म्हटलं, कारण तुम्ही हातानं सावरून घेता हे मला माहीत होतं. नेहमीच घेता."

"पन मग..." मिस्तरी हुकेमांकडं वळला. बुडणारा माणूस दुसऱ्या काठाकडं बघतो तसा. "डॉक्टरसाहेब, तुमी तर म्हनत व्हता, घडवून दावा म्हंजी मानतो. आता घडली न्हाई. म्हंजी तुमी जिकला न्हवं?"

हुकेमांनी चष्मा काढला. त्यांना खरोखरच अवघडल्यासारखं झालं. "मिस्तरी, फट नसती तरी मी मानलं नसतं. घडवणं म्हणजे मनात घडवणं. प्लास्टरला जाडी असते, खडबडीतपणा असतो. प्लास्टरच्या टोकाला टोक भिडलं म्हणून गणितातलं टोक भिडत नाही. ह्या टेबलावरच्या वस्तूवरून वाद मिटेल असं मला कधीच वाटलं नव्हतं. प्रोफेसरांना तरी वाटलं होतं का?"

"छे!" ओल्डेकोपसाहेब म्हणाले. "ती गंमत. माणसांच्या डोळ्यांसमोर काहीतरी असावं म्हणून."

आणि मग दोघं एकमेकांकडं बघून हसले. पानगळीपासून पहिल्यांदा. समोरासमोर आल्यावर भिंतीकडं बघणारी माणसं, ह्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं, की लुडोल्फ क्नोके काहीही करो, त्यानं काही फरक पडत नाही.

तेव्हा मी लाकडाच्या पेटीवर बसले.

मिस्तरी मात्र उभाच होता. "बोळातल्या कपाटात दोनशे तेरा हायती," तो म्हणाला. आवाज चढला नाही. "ते काय हायती?"

"उत्तम नमुने आहेत," साहेब मायेनं म्हणाले. "मुलांना कल्पना येते."

"त्यातला एक तरी कुनी मापून बघितला? पत्र्याची कड बघितली? अठ्ठावीस वर्सांत कुनीतरी? एकानं?"

मागं कुणीतरी खोकललं. साहेबांनी घड्याळ बघितलं. "क्नोके, बसा. पट्टी राहील, काळजी करू नका. तुम्ही ती मिळवली आहे."

झालं ते ह्या वाक्यानं झालं. हाकललं असतं तर तो गेला असता आणि परतही आला असता. मिस्तरीनं खिशातला पेचकस काढला, सगळ्यांसमोर तिन्ही स्क्रू फिरवले, पट्टी खिशात टाकली. निघताना दारापाशी थांबला.

"साहेब, तुमी म्हनता वस्तू आदीपासनंच हाय. मग ती करायला मी कशाला? डॉक्टरसाहेब म्हनत्यात, ती डोक्यात करायची. मग करा की डोक्यात. तळघराची किल्ली हितं ठिवतो."

किल्ली त्यानं खिडकीत माझ्या किटलीजवळ ठेवली. आत वाद पुढं चालू झाला. अर्ध्या तासानं मी कॉफी नेली तेव्हा ते अनंतावर आले होते.

ईस्टरची सुट्टी लागली. इमारत रिकामी. मी एकटी कपाटं पुसत होते, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, त्याचं वाक्य डोक्यातून जाईना. एकानं तरी बघितला का? मी खिडकीचे पडदे बाजूला सारले. पहिलं कपाट उघडलं, आकार बाहेर काढून उजेडात धरला, आणि रोगणाखालच्या रेघा एकेक करून बघत गेले. कड चमकते का? चमकते. पुढचा. चमकते. नऊ दिवस लागले. गणित मला विचाराल तर मला पावाचे काप मोजता येतात एवढंच. पण कड चमकते का नाही हे बघायला गणित लागत नाही.

दोनशे बारा चमकत होते. रेघेला रेघ, केसभर इकडंतिकडं नाही.

एक चमकत नव्हता. त्याच्या मानेपाशी पाच पत्र्यांची कड दिसतच नव्हती, वर चांगलं जाड प्लास्टर. मी खालची पट्टी दोनदा वाचली. तो पहिला होता. म्हाताऱ्या प्रोफेसरांच्या वेळचा. ज्याचा फोटो त्यांच्या सगळ्या पुस्तकांत छापलेला, जो बघायला माणसं परदेशातून येतात, तो.

शनिवारी मी गावी गेले. मिस्तरी आमच्याच चर्चमध्ये फळीवर होता. वेदीवरचं छत भिजून फुगलं होतं, ते उतरवत होता. केसांत, भुवयांत, कानांत पांढरं.

"म्या समदे बघितले," मी खालून ओरडले. "दोनशे तेरा."

फळीवरचा आवाज थांबला.

"तुला कुनी सांगितलं व्हतं?"

"कुनी न्हाई."

त्यानं फळीवरून खाली वाकून बघितलं. मग, "मंग?"

"समदे चमकत्यात. एक सोडून. पयला."

तो शिडी उतरून खाली आला. मी त्याला चाळीस वर्षं ओळखते, बायकोच्या मातीला उभा असलेला बघितलाय. पण असा चेहरा बघितला नव्हता. सगळ्या दालनानं त्याला दिला नाही तेवढा धक्का त्याला मी दिला होता.

"पयला," तो म्हणाला. "तवा मला थांबायचं कळत नव्हतं. वाटायचं, मान जाड दिसली म्हंजी मजबूत. छताचा हात." मग म्हणाला, "त्याचंच पुस्तकात चित्र हाय की गं."

"हाय."

"अठ्ठावीस वर्सं."

"कुनाला दिसतंय? ऱ्हाऊ द्या."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मी तोंड मिटलं.

सुट्टी संपली त्या सोमवारी पहिल्या गाडीनं तो आला. कामाचे कपडे, खांद्याला पिशवी. बोळात साहेब समोरून येत होते, टपाल वाचत. मान वर करून म्हणाले, "सुप्रभात, क्नोके," आणि पुढं गेले. तो नोकरी सोडून गेलाय हेही त्यांना आठवलं नसावं.

कपाट उघडून त्यानं पहिला आकार बोळातल्या बाकावर घेतला, मांडीत धरला, पिशवीतून पाती काढली. पोलादी नव्हती, पिवळी होती. मी वाकून बघितलं. पट्टी होती ती. आडवी कापून, एका अंगाला धार लावून, लाकडाच्या मुठीत बसवलेली. मुठीच्या वर त्याच्या नावाची अर्धी अक्षरं राहिली होती.

दुपारपर्यंत तो खरवडत होता. पोरं व्याख्यानाला जाता-येता त्याच्या पायांवरून उड्या टाकून गेली. एकानं विचारलं, "काय बिघडलं का?" मिस्तरी म्हणाला, "मान जाड व्हती." पोरगं हसलं आणि गेलं.

पाचवी कड चमकली तिथं त्याचा हात थांबला. त्यानं रोगण लावलं, आकार जागेवर ठेवला, काच लावली. बाकाखाली पांढरी भुकटी पडली होती, मुठीत मावेल एवढी.

"झाडू का?" मी विचारलं.

"झाड की," तो म्हणाला. "माझी गाडी साडेतीनची हाय."